सात बाजांचं सुंभ

न्हाई न्हाई ताई, बोर्डावर आकडा नका टाकू. बाकी समदं लिव्हा — कुकडीचं पात्र लिव्हा, काळा दगड लिव्हा, ज्वालामुखीचा रस थिजून झालाय ते लिव्हा, किती कोटी वर्सं ते बी लिव्हा, आमचं काय जातंय — पर त्या 'खोली'म्होरची जागा तेवढी मोकळी ऱ्हाऊ द्या. रंगारी उद्या येनार म्हनताय न्हवं? मंग त्याला सांगा, हितं 'अथांग' काढ. अथांग. कसा भरीव शबूद हाय! मानूस वाचंल आन् एक पाऊल मागं सरंल. आन् तुम्ही लिव्हनार अठरा फूट — अठरा फूट म्हनल्यावर पुन्यावरनं गाडी काढून कोन येनार हो बघायला? अठरा फुटाचा तर आमच्यात गोबरग्यासचा खड्डा असतोय. हसताय? हसा. चहा घ्या, गार व्हईल. — ओ भाऊ! ओ टोपीवाले! तिकडं हिरवं हाय तिथं पाय ठिवू नका, शेवाळ हाय त्ये, बूट बी धरत न्हाई! — बघा, आयकत्यात का? फोटूपायी जीव टांगनीला लावत्यात.

मी बघत हुतो मघाशी, तुम्ही ती वजन बांधलेली फीत सोडली तवा. हितनंच बघत हुतो, चहा गाळता गाळता. सर्रर्र गेली आन् ढिली पडली. तुम्ही दोनदा सोडली. दोन्ही टायमाला तेवढंच भरलं न्हवं? भरनारच. न्हाई, तसं न्हाई, म्हंजी मला काय म्हाईत — तुमच्या तोंडावरनं वळखलं.

मी रखमाजी. हितं कुनाला बी इचारा, नदीनं दगडात कोरलेलं रांजन दाखवनारा म्हातारा कोन, तर माझंच नाव सांगत्यात. आमचा आजा मेंढरं घिऊन कोकनात उतरायचा, बानं मेंढरं इकून चार एकर घेतली, आन् मी — मी ना धड मेंढक्या ना धड शेतकरी, मी निघालो बोलभांड. तीस वर्सं झाली ह्या दगडावर. आधी फकस्त भेळ आन् काकडी इकायचो, मंग लोकं इचारायला लागली, आबा ह्ये कसं झालं, त्ये कसं झालं. मंग सांगायला लागलो. आता म्हनं तुमचं टुरिझमचं ऑफिस हितं झुलता पूल करनार, रातच्या मुक्कामाला तंबू टाकनार, दोरीवरनं लोंबकळत नदी वलांडायची ते बी करनार. करा बाबा. न्हावऱ्याची पोरंसुदिक दुचाकीवर येत्यात आता रविवारची, पार दौंडाकडनं लोकं येत्यात. समद्यांना आधी थोरला रांजन बघायचा असतोय. आन् थोरला रांजन म्हंजी गोष्ट. गोष्ट काढली तर ऱ्हातंय काय? दगडात एक भोक.

आयकली न्हाई तुम्ही? कशी आयकनार, तुम्ही थेट फीतच काढली. मी सांगायचो म्हंजी कसं — हितं काठाला उभं करायचं मानसाला, वाकून बघा म्हनायचं. आत हिरवंगार पानी, हलत न्हाई, बोलत न्हाई. मंग आवाज बारीक करायचा. "पाव्हनं, आमच्या खापरपंजानं सात बाजा मोडल्या. सातीचं सुंभ सोडवून एकाला एक गाठ मारली, टोकाला पाटा बांधला, आन् सोडलं ह्या रांजनात. दिसभर सोडत हुता. सात बाजांचं सुंभ संपलं, पर तळ लागला न्हाई." आन् एवढं बोलून गप बसायचं. लई गप बसायचं. बाया पदर तोंडाला लावायच्या बगा. एखादं शहानं पोर म्हनायचं, मंग तो पाटा कुठं गेला? तर म्हनायचं, बाळा, अजून चाललाय खाली. हे वाक्य माझं. आज्याचं न्हवं, माझं सोताचं. लई चालायचं ते.

खरं? खरं वाटायचं का मला? — आवो, लहानपनापासनं आयकलेलं मानसाला खरंच वाटतंय. आमच्या वाडीतलं एक पोर ह्या रांजनात उतरलं न्हाई कवा. बाकी नदीभर म्हसरावानी पडलेली असायची, विहिरीत वरनं मुटके मारायची, पर थोरल्या रांजनाला हात जोडून लांबनं जायची. मला वाटायचं, बरंच हाय की. कुनी बुडत न्हाई.

पर खरं सांगायचं तर — एक सर यायचे. योहानसर. कॉलेजात शिकवायचे, दगडाचं. आपल्याच भागातले, मिशनच्या बाजूचे, लई गोड मानूस. वर्साला पोरं घिऊन यायचे, पोरांना दगडावर बसवून सांगायचे — पुराच्या पान्यात एक गोल गोटा खळग्यात आडकतो, पानी फिरवतं, गोटा फिरतो, जात्यावानी दगड खातो, असा हजारो वर्सं खातो. मला पटायचं ते. म्या सोता आतनं काढलेत की असलं गुळगुळीत गोटं, कडंच्या बारक्या खळग्यातलं. तर एका साली सरांनी फीत सोडली. तुमच्यासारखीच. आन् मला म्हनले, "आबा, अठरा फूट." मी म्हनलं, सर, पोरांना सांगू नका. ते हसले. म्हनले, "बरं आबा. गोष्ट तुमची, आकडा माझा." आन् वहीत लिव्हून वही खिशात घातली. पोरांना न्हाई सांगितलं. मोठा मानूस.

म्हंजी मला म्हाईत हुतं. व्हय. तुमच्याम्होरं काय लपवू? अठरा फूट म्हंजी तीन परस. उभा मानूस म्हंजी एक परस, सहा फूट, तसं तीन. आमच्यातली पोरं पाच परस विहिरीचा तळ गाठून मूठभर गाळ वर आनत्यात, पैजंवर. पर म्हाईत असनं येगळं आन् तोंडाला सवय असनं येगळं. सुंभ जळलं तरी पीळ जात न्हाई म्हनत्यात, तसं. दुसऱ्या दिशी पाव्हनं आलं की माझं सुरू — सात बाजा, पाटा, अजून चाललाय खाली.

काय? न्हाई, डोळ्यात धूर गेला. चूल वल्ली हाय. वारं बगा कसं फिरलंय.

माझी लेक व्हती, सुषमा. वरवंडला दिलेली. लई हसरी, आन् माझ्यावर गेलेली — बडबडी. जावई हनुमंत. आता जावयाचं कौतुक सासऱ्यानं किती करावं, पर ह्यो मानूस पान्यातला. वरवंड, भांडगाव, त्या पट्ट्यात कुनाची बी मोटार आडकू द्या, पाइपाचं खालचं जाळीचं तोंड — फुटबॉल म्हनत्यात त्याला — ते गाळात गुतू द्या, की हनुमंताला बोलावनं. अंगावर चड्डी, कमरंला दोर, आन् सूर. बाहेर आला की हातात फुटबॉल. कवा भ्याला न्हाई. फकस्त एक रीत त्याची — अनोळखी पान्यात इचारल्याबिगर उडी न्हाई. विहिरीच्या मालकाला इचारनार, मालक, खाली किती हाय? खडक कुठल्या अंगाला हाय? मालक सांगंल त्यावर मंग सूर. ही रीत त्याच्या बापानं शिकवलेली. बरोबरच हाय. पान्याखालचं मालकालाच ठावं असतं.

नऊ वर्सं झाली. चंपाषष्ठीच्या आदल्या दिशी आम्ही देव धुवायला नदीवर आनतो — देव म्हंजी देव्हाऱ्यातलं टाक, चांदीचं पत्रं, बिरुबा, खंडुबा, म्हाळसा. आमची समदी भावकी येती, वाजतगाजत. सुषमा म्हायेरी आलेली, हनुमंत न्यायला आलेला. थोरल्या रांजनाच्या वरच्या अंगाला पसरट दगड हाय, मघाशी तुम्ही बॅग ठिवली हुती तोच. तिथं ती टाक चिंचंनं घासत बसली, तिची आय बयाबाई शेजारी. आन् मी? मी काय करीत असंल? पुन्याचे पाव्हनं आलते, जोडपं, त्यांना काठाला उभं करून गोष्ट सांगत हुतो. देवाच्या दिशी बी. बयानं एकदा हाक मारली, अवं या की, देवाला पानी घाला. मी हातानंच सांगितलं, आलो, आलो.

बिरुबाचा टाक निसटला. एवढुसा पत्रा, दगडावरनं घसरत चालला रांजनाकडं, आन् पोरीनं देव चालला म्हनून झेप टाकली. तेच शेवाळ. ती पडल्याला आवाज सुदिक मोठा झाला न्हाई ताई. बुळुक झालं. एकदा वर आली, हात दिसला, बांगड्या दिसल्या. काठ गुळगुळीत, धरायला काय न्हाई. मंग गेली.

बया किंचाळली. हनुमंत पळत आला, पळता पळताच सदरा काढला. आन् काठाला थांबला — एक पळभर, ताई, एकच पळ. माझ्याकडं बघितलं. म्हनला, "मामा, खाली किती हाय?"

आन् मी म्हनलो, "सात बाजांचं सुंभ पुरत न्हाई."

…

चहा सांडला का? असू द्या, असू द्या, फडकं हाय.

मी न्हाई म्हनलो ओ. तोंड म्हनलं. माझ्या पोरीवर पानी मिटत हुतं आन् माझं तोंड, वर्सानुवर्सं सवयीचं झालेलं तोंड, ते वाक्य म्हनून मोकळं झालं. मला दिसलं — त्याच्या तोंडावरचा रंग गेलेला मला दिसला. उचललेली टाच त्यानं खाली ठिवली. तवा बी मी वरडलो असतो ना — न्हाई न्हाई, तीन परस हाय, मार उडी — तरी झालं असतं. तेवढा टाइम हुता. पर म्या वरडलो न्हाई. पुन्याचे ते दोघं उभं हुतं तिथंच, आत्ता त्यांना अथांग सांगितलं हुतं… शी. शी. काय बोलतोय मी. त्यांचा काय संबंध. पर मनात आलं हुतं ताई. कुत्र्याच्या मौतीनं मरावं असलं मन हाय ह्ये. आलं हुतं.

मंग काय — पोरं वाडीकडं पळाली. कशाला, म्हाईताय? बाजा आनायला. देवाशप्पत. चार बाजा डोक्यावर घिऊन आले, उलट्या टाकल्या, आन् सुंभ सोडवायला बसले, नखं तुटस्तवर. विहिरीत पडल्याली बादली काढायचा गळ अस्तो, लोखंडी आकड्यांचा, तो बांधला. सुंभ म्याच सोडलं. माझ्या हातानं. पयल्या बाजंचं सुंभ निम्मं बी गेलं न्हवतं आन् हाताला ढिल लागली. आन् लुगड्यात गळ बसला.

लोकं म्हनली, देवीनं मधल्यामधी झेलून धरली म्हनून तरी घावली, न्हाई तर पाताळात गेली असती. सुंभ किती गेलं ते माझ्या एकट्याच्या हाताला कळलं हुतं. हनुमंताला चौघांनी धरून लांब बसवलेलं. त्यानं काय बघितलं न्हाई.

तुम्ही इचारताय, मंग गोष्ट सांगायची सोडली का? न्हाई. तुम्ही न्हाई इचारलं, मीच म्हनतोय. न्हाई सोडली. कशी सोडनार? सोडली असती तर लोकांनी इचारलं असतं, आबा, का सोडली. तेराव्यानंतर दोन म्हैन्यांनी परत हितं उभा राहिलो. माझ्या लेकीच्या पान्यावर उभा राहून पाव्हन्यांना सात बाजा सांगितल्या. आन् लोकं काय म्हनली? म्हातारा खंबीर हाय. — बया हितं नऊ वर्सं आली न्हाई. देव बी आता हापशावर धुती. मला काय बोलत न्हाई. तिला वाटतंय ते खरंच अथांग हाय, तिचा राग नुसता पान्यावर हाय. बरं हाय ते तिचं.

पर हनुमंत — त्यानं दुसरं लगीन केलं न्हाई. विहिरीत उतरायचं बंद केलं. त्याच्या गावात लोकं पाठीमागं म्हनत्यात, दुसऱ्यांच्या मोटारी काढतोय आन् बायकू बुडताना काठावर उभा राहिला. कुनीतरी त्याच्या दारात फुटलेला फुटबॉल टाकला हुता, सांगा आता. मानूस किती वंगाळ असावा! तो दर साली येतो, चंपाषष्ठीच्या आदल्या दिशी. एक नारळ आनतो, त्या पसरट दगडावर ठिवतो, फोडत न्हाई. मंग हितं माझ्याजवळ बसतो, तुम्ही बसलाय तिथं. आन् दर साली एकच म्हनतो. "मामा, मी भ्यालो." आन् मी त्याच्या पाठीवर हात फिरवतो — ह्या हातानं — आन् म्हनतो, "न्हाई बापू, तिथं कोन बी भ्यालं असतं. त्याला तळच न्हाई." नऊ वर्सं. दर साली त्याला तेच पाजतोय. आन् तो मला चपला घिऊन येतो ताई. माझ्या पायाच्या मापाच्या. ह्या बघा, ह्या त्यानंच आनल्याल्या.

परवा येनार तो. परवा चंपाषष्ठीचा आदला दिस. आन् उद्या तुमचा रंगारी हितं मोठ्ठ्या अक्षरात लिव्हनार — खोली अठरा फूट. वाचनार की तो. वाचता येतं त्याला, बारावी झालाय. वाचल्यावर काय म्हनंल? म्हनंल, मी तीन परस पान्याला भ्यालो. पाच परसाचा तळ गाठनारा मी, तीन परसाला भ्यालो. मरंल ओ तो. त्याच दगडावरनं आत जाईल. म्हनून म्हनतो आकडा नका टाकू. म्हनून. माझ्या धंद्यापायी न्हाई. चुलीत जाऊ दे धंदा.

काय?

बोला की. नुसतं बघू नका असं.

व्हय. म्हाईत हाय. तुम्ही न्हाई लिव्हलं तर दुसरा कोनीतरी फीत घिऊन येनार. ही तंबूवाली, दोरीवाली यायची, ती मोजनारच, इम्याला लागतं म्हनं त्यांना. आज न्हाई तर पुढल्या साली त्याला कळनारच. आन् तुम्ही मघाशी म्हनला ते बी खरं हाय, काठाला टायर बांधून ठिवायचा, दोर ठिवायचा, तर खोली म्हाईत पायजे. पुन्ना कुनाची लेक पडली तर वाचवनाराला कळाय पायजे. कळतंय मला. मला न कळाय काय झालं. माझ्याएवढं कुनाला कळनार.

त्यानं बोर्डावर वाचू नये. एवढंच.

फोन हाय का तुमच्याकडं? माझ्या डबड्याची बॅटरी उतरलीया. रेंज हितं दगडावर उभं राहिलं की येती. नंबर पाठ हाय, सांगतो, दाबा. रोज म्हनतो मनात, लावत न्हाई. … लागला? द्या. द्या हिकडं. थांबा, कुठनं बोलायचं — हितनं?

हॅलो. हॅलो, हनुमंत? मी रखमाजी बोलतोय, रांजनावरनं. … न्हाई न्हाई, बरं हाय समदं. सासूबाई बऱ्या हायत. गुडघा दुखतोय तेवढा. … दुसऱ्याचा हाय फोन, एक ताई आल्यात हाफिसातनं. … थंडी हाय, व्हय. तुमच्याकडं? कांदं लावलं का? … पानी हाय न्हवं कॅनॉलला? … बरं. बरं.

बापू, आयका. परवा येताय न्हवं? … व्हय, त्याच्या आधी सांगायचं हुतं. हितं बोर्ड लावत्यात. रांजनाची खोली लिव्हनार हायत त्यावर. अठरा फूट. … अठरा. तीन परस.

… हॅलो? हाय न्हवं तुम्ही? … न्हाई, आज न्हाई कळलं. म्हंजी आज मोजलं त्या ताईंनी, पर मला आधीच म्हाईत हुतं. तुम्ही त्या दिशी मला इचारलं, मामा खाली किती हाय — तवा म्हाईत हुतं. त्याच्या बी आधी चार साल म्हाईत हुतं. तुम्ही भ्याला न्हाई बापू. तुम्ही मालकाला इचारलं. मालकानं खोटं सांगितलं. माझी पोर मी… तुम्ही उडी मारनार हुता, मी बघितलंय, टाच उचलल्याली हुती तुमची. मी बघितलंय.

…

बापू?

ताई, बघा जरा ह्यात, कट झाला का? … न्हाई? चालू हाय? नंबर पळतोय म्हंजी चालू हाय न्हवं?

हनुमंत, बोला की बाबा. शिव्या घाला.

… तुम्ही लिव्हा ताई, अठरा लिव्हा, आन् जावा आता, तुमची गाडी वाट बघती. फोन — व्हय, फोन तुमचाच हाय. मंग बसा जरा. तो ठेवत न्हाई तवर मला ठेवता यायचं न्हाई.